आबांना दिसेल असं लग्न

लग्नाचं काम द्यायला माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक जण फोनमध्ये फोटो घेऊन येतात. कुठल्या तरी राजवाड्यातला जिना, तळ्याकाठची फुलांची कमान, छताला उलट्या टांगलेल्या छत्र्या. "ताई, असंच हवं," म्हणतात. मी फोटो मोठा करून बघते, फुलं कुठली, कापड कुठलं, आणि हो म्हणते. सुरतेत कापडाची वानवा नाही. हव्या त्या रंगाचा तागा संध्याकाळपर्यंत हातात येतो.

माझे वडील धुळ्याकडून इथे आले ते रंगाईच्या मिलमध्ये कामाला. उधन्याच्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, बाजारात हिंदी. शिक्षण संपल्यावर मी एका साडीच्या दुकानात लागले. काचेआडच्या पुतळ्यांना साड्या नेसवायचं काम होतं. तिथून एका डेकोरेटरकडे गेले आणि काही वर्षांनी स्वतःचं सुरू केलं. प्रत्येक लग्न त्या माणसांचं वाटलं पाहिजे, हे वेड मला पहिल्यापासून होतं. म्हणून मी रुमालांवर नवरानवरीची अक्षरं भरून घ्यायचे. त्यांची पहिली भेट चहाच्या टपरीवर झाली असेल तर मांडवात टपरी उभी करायचे. लोक कौतुक करायचे, आणि मलाही वाटायचं की जमलं आपल्याला.

मग एक मुलगी आली. भेस्तानला राहणारी, कॉम्प्युटरवर भरतकामाच्या डिझाइन करणारी. साडीच्या काठावर जे वेल आणि मोर मशीन शिवतं ते आधी ही पडद्यावर काढते. मला वाटलं, हिच्याकडे तर शंभर फोटो असतील. तिने फोन पर्समधून काढलाच नाही.

"ताई, मला असं लग्न हवंय की माझे आबा आत बसतील," ती म्हणाली.

मी विचारलं, "आत म्हणजे?"

"मोठ्या बहिणीच्या लग्नात ते बाहेर टेम्पोत जाऊन बसले होते. भांडी आणली होती ना, त्या टेम्पोत. कन्यादान झालं आणि गेले. जेवायलाही आले नाहीत."

तिचे वडील, आबा, चाळीस वर्षांपासून यंत्रमागावर काम करत होते. मागाचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. कान हळूहळू जातात, इतके हळू की घरच्यांनाही नेमकं कळत नाही कधी गेले. जवळ बसून बोललं तर आबांना थोडं कळायचं. चार माणसं एकदम बोलू लागली, वर स्पीकर लागला, की सगळ्याचा एकच गोंधळ व्हायचा. त्यात ते स्वतः बोलले तर आवाज नको तितका मोठा व्हायचा, लोक वळून बघायचे, म्हणून बोलणंही कमी केलं होतं.

"म्हणून डीजे नको, एवढंच ना?" मी म्हणाले. मला ते काम सोपं वाटलं.

"एवढंच असतं तर मीच नाही म्हणून सांगितलं असतं," ती म्हणाली. "डीजे नसला तरी ते बसतील असं मला वाटत नाही. कसं बसवायचं ते तुम्ही शोधा."

पहिल्यांदा घरी गेले तेव्हा आबा खाटेवर बसून पेपर वाचत होते. सातवीपर्यंत गावी शिकलेले, वाचायचे मात्र रोज. मी मोठ्याने नमस्कार केला, मोठ्याने ओळख सांगितली. त्यांनी मान हलवली, हात जोडले, "बठ, बेटा," म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. तासभर नवरी, तिची आई आणि मी लग्नाबद्दल बोललो. त्यांच्याच मुलीचं लग्न, आणि त्या तासात त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. निघताना लक्षात आलं आणि फार लाज वाटली.

नवरीला म्हणाले, "मला त्यांचं काम बघायचंय."

सुरतेत यंत्रमागाच्या शेडला खातं म्हणतात. आबांचं खातं त्यांच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. दारापाशी पोचायच्या आधीच तो आवाज छातीत शिरतो. आत दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा, मध्ये एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट, हवेत कापसासारखे तंतू. मी काही बोलले असते तर मलाच ऐकू आलं नसतं.

आणि तिथे आबा बोलत होते.

अक्षरशः बडबड करत होते. चार माग पलीकडे एक बुटका, पांढऱ्या केसांचा कारागीर उभा होता. आबा ओठ मोठे करून, हातांनी, भुवयांनी त्याला काहीतरी सांगत होते आणि तो हसून तसंच उत्तर देत होता. आबांनी दोन बोटं एकमेकांपासून झटकन तोडली, म्हणजे तिकडे धागा तुटला. त्याने अंगठा ओठांकडे नेला, म्हणजे चहा. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. आबांनी कपाळावर मुंडावळ्या बांधल्यासारखं केलं, हवेत मांडव काढला, आणि माझ्याकडे बघून असं हसले की हाच का तो पेपरात डोकं घालणारा माणूस, असं मला वाटलं.

चहाच्या सुट्टीत तो मित्र माझ्याबरोबर बाहेर आला. तो ओडिशाचा. वीस वर्षं आबांच्या शेजारच्या मागांवर. त्याला मराठी येत नाही, आबांना ओडिया येत नाही, हिंदी दोघांचीही तोडकीमोडकी. आणि तरी एकमेकांच्या घरातलं सगळं त्यांना माहीत.

"हम सब का कान ऐसा ही है, बेन," तो म्हणाला. "लोग चिल्लाते हैं. चिल्लाने से कुछ नहीं होता. सामने आके बोलो, मुंह दिखाओ, बस."

मग आबा टेम्पोत का गेले ते त्याने मला सांगितलं, आणि ते नवरीलाही माहीत नव्हतं. मोठ्या मुलीच्या लग्नात तोही हजर होता. कन्यादानाच्या वेळी गुरुजी खाली मान घालून पुटपुटत सूचना देत होते. मागे स्पीकर चालू. आबांना एक अक्षर कळत नव्हतं. पाणी सोडायचं तिथे त्यांनी अक्षता टाकल्या, उजवा हात पुढे करायचा तिथे डावा केला. गुरुजींनी वैतागून माईकवरच म्हटलं, बहिरे आहात का हो; शेजारच्याने मित्राला ते हिंदीत सांगितलं. मांडवात हशा पिकला. आबांना ऐकू आलंच नसेल, असं धरून घरचे ते विसरूनही गेले. तो हशा आबांना ऐकू आला नाही, पण दिसला. विधी त्यांनी पुरे केले, उठले आणि टेम्पोत जाऊन बसले. मित्र मागोमाग गेला. पंगती उठेपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले.

"उसने घर में किसी को नहीं बताया," मित्र म्हणाला. "मैंने भी नहीं बताया. आज आपको बोल दिया."

मी हे मनात घेऊन काही दिवस फिरले. कारण दरम्यान मोठ्या बहिणीशी माझं फोनवर बोलणं झालं होतं. ती कामरेजला असते. लग्नाच्या तयारीत तिचा काय वाटा असेल, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, "मी पाहुण्यासारखी येईन, जेवेन आणि जाईन."

मी कारण विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं. तिने नवरा स्वतः पसंत केला होता. घरात कुणी मोडता घातला नव्हता, पण आबा लग्नात बाहेर जाऊन बसले तेव्हा तिला वाटलं की हा त्यांचा खरा निकाल. तोंडाने हो म्हणाले, मनातून नाही. तेव्हापासून चार वर्षं ती सणाला यायची, पाया पडायची आणि निघून जायची. आबा मुळात कमी बोलणारे, त्यामुळे हा अबोला वेगळा आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मला दोन्ही बाजू माहीत, आणि त्या दोघांना एकमेकांची नाही. माझं काम मांडव घालण्याचं. घरात घुसून असं काही सांगणं हे काम नव्हे, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, मग वैयक्तिक लग्न, वैयक्तिक लग्न म्हणून तू करतेस तरी काय? रुमालावर अक्षरं?

शेवटी मी पुन्हा खात्यावर गेले. सुट्टी झाल्यावर आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या अगदी समोर, उजेडाकडे तोंड करून उभी राहिले आणि साध्या आवाजात, सावकाश म्हणाले, "आबा, तुमच्या मित्राने मला टेम्पोचं सांगितलं."

त्यांनी माझे ओठ वाचले. चेहरा जरा कसनुसा झाला.

"मोठ्या ताईला वाटतं, तुम्ही तिच्यावर रागावला होतात. म्हणून गेलात."

मला वाटलं नीट कळलं नसेल, म्हणून पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"तिले असं वाटनं?" ते म्हणाले.

"हो. मी सांगू का तिला? तुमची परवानगी असेल तर."

"नको. मीच सांगस."

त्यानंतरच्या सुट्टीला ते एकटे बसने कामरेजला गेले. मी तिथे नव्हते. मला हे मोठीनेच पुढे सांगितलं. न कळवता दारात उभे राहिलेले वडील बघून ती घाबरली, काहीतरी वाईट झालं असेल म्हणून. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग जेवले, आणि जेवण झाल्यावर तिला समोर बसवून बोलायला लागले. आपला आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळत नव्हतं.

"मना राग नव्हता तुनावर. माले काहीच आयकू ये नही. लोके हासनात. माले लाज वाटनी."

हे सगळं दार उघडं असताना. मोठी म्हणाली, "ताई, आमच्या पूर्ण माळ्याला कळलं. शेजारची गुजराती बाई दारात येऊन उभी राहिली. तिला अहिराणी येत नाही, तरी तिचे डोळे भरले." ती स्वतः मात्र रडली नाही म्हणाली. तिला आधी राग आला, चार वर्षं वाया गेल्याचा. आबांना बसमध्ये बसवून परत येताना मग रस्त्यात रडली.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. "स्वयंपाकी कोण ठरवलाय? वरण-बट्टी करायची तर बट्टी तळून करतो की नाही ते मला विचारायचंय." मी तिला स्वयंपाक्याचा नंबर दिला आणि त्या दिवसापासून जेवणाचं खातं तिचं झालं.

आता प्रश्न नवऱ्या मुलाकडचा होता. मुलगा बारडोलीच्या साखर कारखान्यात नोकरीला, आईला एकटाच. आईने ऊस आणि म्हशी सांभाळत त्याला शिकवलेलं. त्यांच्याकडे जाऊन मी डीजे नको म्हणून सांगितलं आणि मोठीच चूक केली. आवाजाने कानांवर काय परिणाम होतो, हल्ली लोक कशी शांत लग्नं करतात, असं भाषण दिलं.

"माझा एक मुलगा," त्या म्हणाल्या. "आणि त्याचं लग्न मुक्याचं करायचं? आमच्या गल्लीत बारशालाही डीजे असतो. आणि एक विचारू का, नवरीचे वडील एवढे घमेंडी का आहेत? साखरपुड्यात मी दोनदा बोलले, तोंड फिरवून बसले."

मी काही उत्तर दिलं असतं तर ते पुन्हा भाषणच झालं असतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, की तुम्ही एकदा त्यांच्या घरी जेवायला या, बाकीचं मागाहून ठरवू.

त्या जेवणाची मांडणी मी जितक्या काळजीने केली तितकी कुठल्या मांडवाची केली नसेल. दुपारची वेळ निवडली, भरपूर उजेडाची. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर आधीच उतरवून ठेवलेला. आबांना खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर उजेड पडेल, आणि त्यांच्या बरोबर समोर मुलाच्या आईचं ताट. बाकी आम्ही सगळे आतल्या खोलीत. नवरीने त्यांना दारातच सांगून टाकलं होतं, "आई, आबांना ऐकू कमी येतं. त्यांच्याकडे बघून बोला, मोठ्याने नको."

सुरुवातीला आतून काही ऐकू येईना. मग आबांचा तो खणखणीत आवाज आला, "उसले पानी कितला दिनमा देतस?" आणि मग त्या जे सुरू झाल्या. लागण कधी, तोडणी कधी, कारखान्याची टोळी वेळेवर येते की नाही. आबांनी गावची शेती तरुणपणी सोडली होती, पण विसरले काहीच नव्हते. आतल्या खोलीत नवरी, तिची आई, मोठी आणि मी, आम्ही चौघी आवाज न करता जेवत होतो. तास होऊन गेला तरी बाहेरचं बोलणं संपेना.

जाताना त्या मला म्हणाल्या, "हा माणूस तर फार बोलतो."

डीजेचा विषय पुन्हा निघाला नाही. बारडोलीला त्यांच्या दारात हवा तितका वाजवायचा, वाडीच्या फाटकाच्या आत नाही, एवढं त्यांनीच ठरवून टाकलं.

वाडी, म्हणजे समाजाचं लग्नाचं सभागृह. ती शोधायला नवरी आणि मी तीन दिवस हिंडलो. प्रत्येक ठिकाणी मी मधोमध उभी राहून जोरात एक टाळी वाजवायचे आणि ऐकायचे. पत्र्याखाली टाळीच्या दहा टाळ्या होतात. जिथे सगळीकडे गुळगुळीत लाद्या आणि काचा, तिथे तर आवाज घरंगळतच राहतो. वॉचमन आमच्याकडे संशयाने बघायचे. एका ठिकाणच्या मॅनेजरने विचारलं, "बेन, तमे शुं चेक करो छो?" मी म्हणाले, आवाज. तो म्हणाला, आवाज तर आमचा फर्स्ट क्लास आहे, चार स्पीकर आहेत.

शेवटी एक जुनी, लहान वाडी मिळाली. हॉल साधाच, पण मागे कडुनिंबाची झाडं असलेलं मातीचं अंगण. टाळी वाजवली, एकदाच वाजली आणि मातीत जिरली. तिथेच लग्न ठरलं, सकाळच्या मुहूर्तावर, कारण सकाळी त्या अंगणात ऊन तिरपं येतं आणि माणसांचे चेहरे स्पष्ट दिसतात. मांडव मी वरून पातळ पांढऱ्या कापडाचा केला. स्टेज एका पायरीचं. खुर्च्या रांगेत न लावता अर्ध्या गोलात मांडल्या, म्हणजे कुणालाच कुणाची पाठ दिसणार नाही. फुलं फार नव्हती. झेंडूच्या माळा खाली बांधल्या, चेहऱ्यांच्या आड येणार नाहीत अशा.

गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक मिळाले. मी त्यांना सगळं सांगितलं. टेम्पोचंही सांगितलं, आबांना विचारून. ते चष्मा पुसत म्हणाले, "मी वर्गात मागच्या बाकावरच्यांसाठी तीस वर्षं तोंड वर करून बोललो. हे अवघड नाही." पण मंत्र म्हणताना पोथीत बघावंच लागतं, ते कसं करायचं? तेव्हा ओडिशाच्या मित्राला मदतीला घ्यायची कल्पना माझ्या डोक्यात आली. गुरुजींच्या मागे, आबांना सरळ दिसेल असा तो उभा राहील आणि गुरुजींची प्रत्येक सूचना खात्याच्या खुणांनी आबांना सांगेल. गुरुजी मराठीत बोलणार, नवरीचा मामा मित्राकडे तोंड करून ते हिंदीत सांगणार, आणि मित्र हातांनी आबांना.

"एवढ्या वळणाने?" गुरुजी म्हणाले. "मला त्या खुणा शिकवत का नाही?" त्यांनी प्रयत्नही केला. त्यांचं 'धागा तुटला' चांगलं जमलं, पण लग्नात त्याचा उपयोग नव्हता.

लग्नाच्या दिवशी वरात आली ती डीजेसकट. मुलाच्या मित्रांनी हौसेने बारडोलीहून टेम्पोच भरून आणला होता आणि तो थेट फाटकातून आत घ्यायला निघाले होते. अंगणातल्या खुर्च्यांवर बसलेल्यांची बोलणी थांबली. आबा उठले नाहीत, पण खांदे ताठ झालेले मला लांबून दिसले. मी धावत फाटकाकडे निघाले. माझ्याआधी मुलाच्या आई तिथे पोचल्या होत्या. पैठणी सावरत त्या टेम्पोच्या समोर उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरला हात केला.

"इथेच बंद कर. आत माणसं बोलताहेत."

मित्र म्हणाले, काकू, दोनच गाणी. त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर दारात वीस लाव. मी पण नाचेन." टेम्पो फाटकाबाहेरच राहिला. नवरा मुलगा पायी आत आला.

आबा पांढरा फेटा बांधून माझ्या डोळ्यांसमोर बसलेले अजून दिसतात. गुरुजी एकेक वाक्य म्हणून थांबत होते. मामा मित्राकडे तोंड करून ते हिंदीत सांगत होता. मित्र नव्या कोऱ्या शर्टात, घामाने भिजलेला, खुणा करत होता. पाणी, उजवा हात, पुढे, थांब. आबा बिनचूक करत होते. मग आचमन आलं. पळीभर पाणी तळहातावर घेऊन प्यायचं. मामाने सांगितलं, मित्र गडबडला. याला खात्यात खूणच नव्हती. त्याने क्षणभर विचार केला आणि अंगठा ओठांकडे नेला.

"चहा?" आबा सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले. "आत्ते?"

सगळे हसले. मी आबांकडे बघितलं. त्यांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, मित्राच्या कावऱ्याबावऱ्या तोंडाकडे बघितलं, आणि स्वतःच पोट धरून हसायला लागले. खात्यातले सहा-सात कारागीर पहिल्या रांगेत होते. त्यांनीही अंगठे ओठांकडे नेले. गुरुजी पोथी मांडीवर ठेवून थांबले आणि हसणं ओसरल्यावर म्हणाले, "विधी झाला की चहा देतो, आबा." तेही मित्राने हातांनी सांगितलं.

मंगलाष्टकं मी मोठ्या अक्षरांत छापून आबांना दिली होती. मोठी बहीण एक अष्टक स्वतः लिहून म्हणणार होती. ती स्टेजच्या बाजूला उभी राहणार असं ठरलं होतं. आयत्या वेळी तिने जागा बदलली आणि आबांच्या समोर येऊन उभी राहिली, अंतरपाटाच्या जरा अलीकडे. तिचा गळा काही गोड नाही. आबा कागदाकडे बघत नव्हते. तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिच्याबरोबर ओठ हलवत होते. 'सावधान' आलं तेव्हा मित्राने हात वर करायच्या आधीच त्यांच्या अक्षता पडल्या.

पंगतीत ते सगळ्यांबरोबर बसले. मित्राशी बट्टीवरून त्यांची जुंपली, कोण जास्त खातो म्हणून, आणि ते भांडण पूर्ण हातांनी चाललं होतं. पंगतीतली लहान पोरं जेवण सोडून त्यांच्या खुणा शिकत होती. मोठी वाढत होती. तिने आबांच्या ताटात तूप ओतलं, ते पुरे म्हणेनात, तिनेही थांबवलं नाही, शेवटी मामानेच तिचा हात धरला.

पाठवणीच्या वेळी धाकटी रडली, जशा सगळ्या रडतात. आबांनी जावयाला बाजूला नेलं आणि बराच वेळ काही सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा ते हळू आवाजात बोलत होते.

त्या लग्नाचे फोटो मी कधी कुणाला दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखं त्यात काही दिसत नाही. पांढरं कापड, कडुनिंब, झेंडू. माझ्या आईनेही ते बघून विचारलं होतं, "यामा तू काय करं?" मला नीट सांगता आलं नाही. पण तेव्हापासून कुणी फोटो घेऊन आलं की तो मी बघते, कौतुक करते, आणि मग म्हणते, आधी मला तुमच्या घरी जेवायला बोलवा. काहींना ते आवडतं. काही जण दुसरीकडे जातात.

पावसाळ्यानंतर एकदा मोठीचा फोन आला. तिने आबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि मशीन बसवून घेतलं होतं. खात्यात जाताना ते काढून डब्यात ठेवतात, घरी आल्यावर लावतात. पहिले काही दिवस त्यांनी फार कुरकुर केली. पेपरचं पान उलटलं तरी दचकायचे, आणि घरात भांडी एवढी आपटायची काय गरज आहे, असं विचारायचे.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता रोज संध्याकाळी मला फोन करतात," ती म्हणाली. "काय भाजी केलीस, एवढंच विचारतात. पण ओरडतात तेवढंच. मी फोन लांब धरते."